मशीन थांबवून ऐकणाऱ्या बेबीताई

फोनवर बेबीताईंचं नाव दिसलं तेव्हा मी पांढुर्ण्याला शाळेच्या स्टाफरूममध्ये सहावीच्या वह्या तपासत होते. मधल्या सुट्टीत त्यांचा फोन येणं रोजचंच होतं. सकाळपासून काय काय ऐकलं ते मला सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. हातातलं लाल पेन खाली न ठेवताच मी म्हटलं, "बोला, आज काय नवीन?" पलीकडून आवाज आला तो त्यांच्या मुलीचा, निरोप मिळून नागपूरहून आलेल्या वैशालीचा. "मावशी, आई गेली. सकाळी चहा पिऊन मशीनवर बसली होती... तिथंच मान टाकली."

मिळेल त्या बसने सौंसरला पोचले, तोवर त्यांच्या घरासमोरचा रस्ता बायकांनी भरून गेला होता. एवढ्या बायका मी तिथे कुणाच्या मयताला पाहिल्या नव्हत्या. बहुतेकींच्या अंगात बेबीताईंनीच शिवलेले ब्लाउज होते, माझ्याही. आता दीड महिना झाला. त्यांच्याबद्दल लिहायला बसले, तर पहिल्यांदा आठवतं ते एवढंच, की माझ्या माहितीत इतकं ऐकणारा दुसरा माणूस नव्हता.

लग्न होऊन मी वर्ध्याहून सौंसरला आले, तेव्हा सासूबाई मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या होत्या. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला कापडांचे ढीग, एक आरसा, एक पडदा. बेबीताई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, उंच, हाडापेराने मजबूत. माप घेताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तुमचा डावा खांदा जरा खाली आहे. पर्स डाव्या खांद्यावर नका घेत जाऊ." माझ्या आईलाही ते कधी दिसलं नव्हतं. तेव्हापासून आमची मैत्री जमली. मी मराठीची शिक्षिका. मैत्रीत मला द्यायला येतं ते पुस्तकच. त्यामुळे दर दिवाळीला मी त्यांना एखादा दिवाळी अंक द्यायचे, अधूनमधून एखादी कादंबरी. महिन्याभराने त्या पुस्तक परत करायच्या, कोरंच्या कोरं, कव्हर घातलेलं. "कसं वाटलं?" विचारलं की म्हणायच्या, "चांगलं आहे. तुमी सांगा तुमाले काय आवडलं." आणि मग मी अर्धा तास सांगत बसायचे...

त्यांचे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. वैशाली दहावीत असताना ते गेले. पुढे वैशालीने शिक्षण पूर्ण केलं, नागपूरला एका ऑफिसात लागली आणि तिथेच तिचं लग्न झालं. घरात बेबीताई एकट्या. आईला करमावं म्हणून वैशालीने त्यांना नवा फोन आणून दिला, त्यात पॉडकास्ट ऐकायचं ॲप टाकलं आणि एक कीर्तनाची मालिका लावून दिली. चारेक दिवसांनी मी गेले, तर मशीन बंद आणि बेबीताई मांडीवर हात ठेवून बसलेल्या. म्हणाल्या, "मॅडम, कीर्तन संपलं आन् आपोआप दुसरंच सुरू झालं. समुद्रात आठ हाताचा एक प्राणी आहे, त्याले तीन काळीज असते. पोहायला लागला का त्यातलं एक थांबून जाते. म्हणून तो पोहायचा कंटाळा करते, चालत जाते." मग जरा थांबून म्हणाल्या, "हे इतके दिवस कोनी सांगितलंच नाही आपल्याले."

त्या दिवसापासून त्यांनी मागे पाहिलं नाही. हात आणि डोळे कामात, कान मोकळे. दिवसाचे आठ-आठ तास ऐकायच्या. कुणी खुनाचा तपास सात भागांत उलगडून सांगायचा, कुणी नुसता एका झाडावर तासभर बोलायचा. दोन मित्र आठवड्याला एकदा बसून सिनेमावरून भांडायचे. एक बाई आपल्या वारलेल्या वडिलांना पत्रं लिहून वाचून दाखवायची. एक डॉक्टर झोपेवर बोलायचे, एक मुलगी फक्त वेगवेगळ्या रेल्वे स्टेशनांवरचे आवाज गोळा करून आणायची. हिंदी, मराठी, जे समोर येईल ते. या सगळ्यांना बेबीताईंनी आपली नावं दिली होती. "चष्म्यावाला", "लाल गोलातली बाई", "तो पिवळा, छत्रीचं चित्र आहे तो". मला वाटायचं, ही त्यांची लाडाची पद्धत. ब्लाउज घालून पाहायला आलेल्या बायका पडद्याआडूनच विचारायच्या, "बेबीताई, त्या खुनाचं काय झालं वो?" आणि टाचण्या तोंडात धरून त्या पुढचा भाग सांगायच्या.

त्यांना काहीही चालायचं असं मात्र नाही. एका नावाजलेल्या माणसाने घेतलेली मुलाखत मी कौतुकाने त्यांना ऐकायला सांगितली होती. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आवाज चांगला आहे त्याचा. पन त्याले घाई लय. समोरची बाई रडायच्या आधी थांबली होती, दोन श्वास थांबली होती, आन् यानं मधातच दुसरा प्रश्न टाकला. आता ती काय सांगनार होती ते आपल्याले कधीच नाही समजनार." मी ती मुलाखत पुन्हा ऐकली. त्या दोन श्वासांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

आमचा एकदा वादही झाला. मी म्हटलं, ऐकण्याने करमणूक होते हे खरं, पण ऐकलेलं टिकत नाही, वाचलेलं टिकतं. खरं ज्ञान पुस्तकातून. त्या हूक लावत होत्या. दाताने दोरा तोडून म्हणाल्या, "असंन." त्यानंतर त्या दिवशी त्या फारसं बोलल्या नाहीत, आणि मी घरी जाताना समजत होते की माझा मुद्दा त्यांना पटला.

स्वतः पॉडकास्ट करायचं त्यांच्याच डोक्यातून निघालं. "साऱ्या दुनियेचं आहे याच्यात," म्हणाल्या, "पन आपल्यासारखं कोनीच बोलून नाही राहिलं. मराठीतले सारे तुमी शाळेत बोलता तसं बोलते. तुमी घरी तशा नाही बोलत." हे खरं होतं, आणि मला थोडं लागलंही. तरी मी तयार झाले. बाजारात साधा माइक मिळाला, बाकी यूट्यूबवर पाहून शिकले. कापडांच्या ढिगांमुळे त्या खोलीत आवाज अजिबात घुमत नव्हता. अशी खोली तयार करायला लोक किती खटपट करतात, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "पाहा, आपल्याकडे पहिलेपासूनच आहे." नाव ठेवलं 'मशीन बंद', कारण रेकॉर्डिंगच्या आधी मशीन बंद करावी लागायची.

पहिला पाहुणा लोधीखेड्याचा, संत्र्याची कलमं बांधणारा एक म्हातारा. आयुष्यात त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. बेबीताईंनी विचारलं, "चाकूले धार कशी लावता?" आणि तो चाळीस मिनिटं बोलला. पुढे नर्सबाई झाली, एसटीडी बूथ चालवलेला एक माणूस झाला. जाम नदीच्या अलीकडच्या पांढुर्ण्याची एक आणि पलीकडच्या सावरगावची एक, अशा दोघी नणंद-भावजया झाल्या. गोटमारीच्या दिवशी दोन्ही काठांचे पुरुष नदीवर जाऊन एकमेकांवर दगड फेकतात, त्या वेळी दोन्हीकडच्या घरांत बायका काय करतात, एवढंच त्या दोघींनी सांगितलं. एकीने जखमांवर लावायला हळद दळून ठेवल्याचं सांगितलं, दुसरीने दाराकडे पाठ करून पोळ्या लाटत बसल्याचं. मध्येच दोघी गप्प झाल्या. मी खुणेने बेबीताईंना म्हटलं, काहीतरी विचारा. त्यांनी मान हलवली. चांगलं अर्धं मिनिट गेलं. मग सावरगावची म्हणाली, "वैनी, त्या दिवशी मी तुह्या घरच्याईसाठी पन देवाले हात जोडते." ते अर्धं मिनिट मी नंतर कापायला निघाले होते. बेबीताईंनी कापू दिलं नाही.

नागपूरपासून छिंदवाड्यापर्यंतच्या लोकांचे निरोप यायला लागले. मी ते लिहून त्यांना पाठवायचे आणि त्यांचं उत्तर नेहमी आवाजी यायचं.

मग एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "आज पाहुना नाही. आज मीच बोलतो. तुमी काही विचारू नका, फक्त बसा." मशीन बंद केली, आणि माइककडे पाहत सांगितलं, "मी बेबी. मले लिहिता-वाचता येत नाही."

त्या शांतपणे सांगत गेल्या. माहेरी पाच भावंडांत थोरल्या, आई सदा आजारी, शाळा तीन महिन्यांत सुटली. लग्नाच्या वेळी मध्यस्थाने आठवी पास सांगितलं, आणि ते खोटं अंगाला चिकटलं. यजमानांना आठ दिवसांत समजलं. ते रागावले नाहीत, कुणाला बोलले नाहीत. रोज सकाळी चहा पिताना ते त्यांना अख्खा पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे, भाव, खेळ, परदेशच्या बातम्या, सगळं. "ते गेले आन् माह्यं वाचनंच गेलं," त्या म्हणाल्या. "मग लेकीनं फोन देला. मॅडम मले पुस्तकं देत होत्या. मी कव्हर घालून ठेवत होती. लिहून आलेले निरोप चष्मा सापडत नाही म्हनून गिऱ्हाइकाकडून वाचून घेत होती. मले न येन्याची लाज नाही. मापं मी माह्या खुनांनी लिहितो, आजवर एक ब्लाउज बिघडला नाही. पन खोटं बोलल्याची आहे. ते आज सोडून देतो."

मी माइक बंद करून वायर गुंडाळत बसले. वाचलेलं टिकतं, हे मी त्यांच्याच खोलीत बसून त्यांना ऐकवलं होतं. दोन दिवसांनी मी शाळेतून पहिलीची अंकलिपी घेऊन गेले. मला वाटलं, आता तरी माझा उपयोग होईल. त्यांनी ती हातात घेतली, चित्रं पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. "मॅडम, तुमी ऐकलंच नाही काय मी काय सांगितलं ते? कोनाले शिकायचं असंन त्याले शिकवा. मले आता शिकायचं नाही. मले अजून लय ऐकायचं आहे." आवाजात राग नव्हता. मी अंकलिपी पिशवीत टाकली. पुढे दुकानात येणाऱ्या चार बायकांनी हळूच येऊन शिकवाल का म्हणून विचारलं, तेव्हा ती बाहेर काढली. रविवारी दुपारी त्याच खोलीत आम्ही बसायला लागलो. बेबीताई शेजारी मशीन चालवत असायच्या.

वैशालीने मात्र तो भाग बाहेर आला त्याच संध्याकाळी ऐकून फोन केला. सासरी तिनेही आईची आठवीच सांगितली होती. "आई, तो भाग काढून टाक. मले इथं तोंड दाखवायला जागा नाही ठेवली तू." बेबीताई म्हणाल्या, "नाही काढत, बेटा. तुले राग येनं बरोबर आहे. पन नाही काढत." मग तीन महिने लेकीचा फोन नाही. बेबीताई एरवीसारख्याच काम करायच्या, ऐकायच्या, हसायच्याही. फक्त फोन वाजला की मशीन थांबायची, आणि कुणाचा आहे ते कळल्यावर पुन्हा चालू व्हायची. मी एकदा म्हटलं, काढायचा का तो भाग? लेकीपेक्षा मोठं काय आहे? त्या म्हणाल्या, "लेक मोठी आहे म्हनूनच नाही काढत. तिनं लहानपनापासून माह्यं खोटं उचललं. आता कायले उचलावं तिनं?"

संक्रांतीला वैशाली आली. मी तिळगूळ द्यायला गेले तेव्हा ती खोलीत बसली होती आणि बेबीताई तिच्या दंडाचं माप घेत होत्या. मला पाहून वैशाली म्हणाली, "मावशी, माइक लावा. मले पन बोलायचं आहे." मी लावला. ती म्हणाली, "मी दुसरीत होती तेव्हापासून बाबा ड्युटीवर असले का घरात आलेला कागद मीच वाचत होती. लाइट बिल, राशनचा फॉर्म, मामाची चिठ्ठी. मले वाटे, मी मोठी आन् आई लहान. शाळेच्या मीटिंगले आई आली का मी तिच्यासमोर उभी राहे, कोनी तिच्या हातात कागद देऊ नये म्हनून... आई, मी लय थकली होती." बेबीताईंनी टेप गळ्यात टाकली, लेकीच्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. त्या वेळी मीही काही खूण केली नाही. खूप वेळाने वैशालीच म्हणाली, "दोन्ही भाग राहू द्या." आमच्या सगळ्या भागांत लोकांनी सर्वात जास्त ऐकला तो हाच. वैशालीच्या सासूबाईंनी तो ऐकला, आणि पुढच्या वेळी त्या तिच्यासोबत स्वतःचं ब्लाउजचं कापड घेऊन सौंसरला आल्या.

त्यानंतरची दोन वर्षं बेबीताईंची फार चांगली गेली, हे मी खात्रीने सांगू शकते. ज्या दिवशी त्या गेल्या, त्या दिवशीही त्यांच्या कानात काहीतरी चालू होतं.

तेरावं झाल्यावर वैशालीने त्यांचा फोन माझ्यासमोर ठेवला. त्यातली आमची रेकॉर्डिंगं काढून घ्यायची होती. ॲप उघडलं तर चित्रांची लांब रांग. चष्म्यावाला, लाल गोल, छत्री, सगळे ओळखीचे. त्यांत एक निळ्या होडीचं चित्र होतं, आणि खालची अक्षरं मला वाचता येईनात. मल्याळम असावी. मी आयुष्यभर वाचायला शिकवत आले, आणि त्या नावापुढे मी अडाणी होते. त्यातले सगळे भाग, शंभराच्या वर, बेबीताईंनी शेवटपर्यंत ऐकलेले दिसत होते. मी वैशालीला विचारलं, आईला ही भाषा कुठे येत होती?

"नव्हती येत," वैशाली म्हणाली. "मी पन विचारलं होतं. म्हने, एक अक्षर समजत नाही, पन हा मानूस खोटं बोलून नाही राहिला. काज-बटन करायला घेतलं का हाच लावत होती."

आता शाळेतून परतताना पांढुर्णा-सौंसर बसमध्ये मी रोज त्या होडीवाल्याला ऐकते. कुणीतरी वयस्कर माणूस आहे. सावकाश बोलतो, मागे कुठेतरी पाणी वाहत असतं. परवा बोलता बोलता तो थांबला. एक श्वास गेला, दुसरा गेला. मी खिडकीबाहेर पाहत, तो पुढे काय सांगतो याची वाट पाहत राहिले.