गार्डमामांच्या तारा

गार्डमामा पहिल्या भेटीत कुणाचं नाव विचारत नसत. ते हात मागत. मी दौंडला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच म्हणाले, "हात दाखव. घाबरू नको, मी ज्योतिषी न्हाई." मी बावचळून हात पुढं केला. त्यांनी माझी बोटं चिमटीत धरली, अंगठ्यानं तळवा दाबून बघितला आणि आतल्या खोलीकडं तोंड करून मामींना सांगितलं, "अगं, तीन आठवडं. त्याच्या वर एक दिवस न्हाई."

तीन आठवडे म्हणजे माझ्या हाताखाली गिटारच्या तारा टिकतील ती मुदत. कुणाच्या हाताला घाम किती, तो खारट किती, त्यानं लोखंड किती दिवसांत गंजेल, हे मामांना नुसतं बोट धरून कळायचं. मी न्हावऱ्याच्या दूध संकलन केंद्रात काम करते. सकाळ-संध्याकाळ दुधाचे नमुने तपासायचे, बाटल्या धुवायच्या, त्यामुळं हात कायम ओले. माझ्या तारा विसाव्या दिवशी काळ्या पडल्या. मी फोन करून सांगितलं तर म्हणाले, "एक दिवस आधीच? मग तुझ्याकडं पाणी जड हाय."

माझं नाव त्यांनी नंतरही विचारलं नाही. मी शेवटपर्यंत 'न्हावरेकर' राहिले.

गिटार माझ्या भावाची. त्यानं हौसेनं घेतली आणि नोकरीला जाताना माळ्यावर टाकली. माझी मुलगी पाचवीत गेल्यावर मला जरा सवड मिळायला लागली, तेव्हा मी ती खाली उतरवली. शिकवणारं कोण, तर केंद्रावरचा टँकरवाला म्हणाला, दौंडला एक रिटायर गार्ड आहेत, ते शिकवतात. दर शनिवारी सकाळचं दूध गेलं की मी स्कूटरवरून पारगावचा पूल ओलांडून केडगाव स्टेशनला यायची, गाडी तिथं लावायची आणि पुढं रेल्वेनं दौंड. घरी सासूबाई पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "जाती तर जा, पर शिकून ये. अर्धं नको."

मामा मालगाडीचे गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात माणूस एकटा असतो, आणि मालगाडी ही कायम दुसऱ्या कुणाला तरी वाट देण्यासाठी थांबलेली असते. अशा थांबलेल्या तासांत ते गिटार शिकले. "ड्रायवर पुढं, मी मागं, मधी पन्नासभर वॅगन सिमेंट. मग बोलायचं कुणाशी? हिच्याशी बोललो," असं गिटारच्या पाठीवर थोपटत सांगायचे. रविवारी ते केडगावच्या चर्चमध्ये प्रार्थनेला वाजवत. ड्यूटीमुळं कितीतरी रविवार चुकले होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एकही चुकवला नाही.

तारांच्या बाबतीत ते फार हळवे होते. वाजवून झालं की मऊ सुती फडक्यानं एकेक तार वरपासून खालपर्यंत पुसायची, हा त्यांच्या घरचा नियम. मी एकदा घाईत तशीच गिटार ठेवली, तर म्हणाले, "पोराला आंघोळ घालून वल्लंच झोपवशील का?" जाड तारा मंदावल्या की ते त्या काढून पाण्यात उकळायचे. उकळल्यावर तारांतला मळ निघतो आणि आठ-दहा दिवस तरी त्या पुन्हा खणखणीत वाजतात. हे उकळणं मामींच्या दुधाच्या पातेल्यात चालायचं. मामींनी एकदा त्याच पातेल्यात माझ्यासाठी चहा ठेवला आणि माझा चेहरा बघून म्हणाल्या, "घासलंय गं. पर गाणं यायचंच त्याच्यात थोडं."

पुढं एकदा मी पुण्याला लग्नाला गेले होते. तिथल्या वाद्यांच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीनं माझे हात बघितले आणि कोटेड तारा घ्या म्हणाली. या तारांवर प्लास्टिकसारखा अगदी पातळ लेप असतो. घाम आणि मळ आत शिरत नाही, म्हणून त्या साध्या तारांच्या तिप्पट-चौपट टिकतात. मी एक पाकीट मामांसाठी घेतलं. त्यांनी ते उघडलं, तारेवरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं.

"रेनकोट घातलाय हिला. बोट घसरतंय, शेवाळावर पाय ठेवल्यागत."

"पण मामा, टिकतात म्हणे."

"टिकायला काय, दगड बी टिकतो. वाजायला पायजे ना."

तरी त्यांनी लगेच निकाल दिला नाही. त्यांच्याकडं दोन गिटारी होत्या. एकीवर त्यांनी साध्या तारा चढवल्या, दुसरीवर कोटेड, आणि दोन्ही रोज सारखाच वेळ वाजवायच्या असं ठरवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा सुरू झाल्या. तीन महिन्यांत साध्या तारा तीनदा बदलल्या. कोटेड तशाच होत्या. फक्त जिथं त्यांचं नख लागायचं तिथं लेपाचं बारीक पांढरं भुसकट निघालं होतं. मला वाटलं, आता मान्य करतील. पण मामा म्हणाले, "मुकी हाय. तार जिती हाय, पर मुकी."

ते खोटं नव्हतं. त्या पाकिटातल्या तारांचा लेप इतर कोटेड तारांपेक्षा जाड होता, आवाज थोडा दबलेला होता. मी पुन्हा पुण्याहून मागवताना पातळ लेपाच्या मागवल्या. त्या लावल्या. "ह्या बी मुक्या." मग मी म्हटलं, जाऊ द्या, तुमच्या नेहमीच्या साध्याच लावू. नवं कोरं पाकीट फोडलं, मीच तारा चढवल्या, सुरात लावल्या. पहिला झणकार असा उठला की मामी आतून बाहेर आल्या. मामा मात्र गिटारवर मान वाकवून बसले होते. बारीक तार पुन्हा पुन्हा छेडून बघत होते.

"ही बी मुकी," ते म्हणाले. "हल्ली माल चांगला काढत न्हाईत."

मी मामींकडं बघितलं. मामींनी नजर खाली वळवली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी कधीपासून होत होती. मामींना ती ऐकू आली होती, मला आली होती. मामा तारेवर बोट ठेवून तसेच वाट बघत होते.

निघताना मामी फाटकापर्यंत आल्या. "वरसभर झालं असंल," त्या म्हणाल्या. "बारीक आवाज जात्यात त्यांचे. पाखरं, घंटी, माझं बोलणं. तू सांगू नको गं. एवढं एकच हाय त्यांच्यापाशी."

मी सांगितलं नाही. दोन शनिवार मी "हो मामा, माल खराब येतो हल्ली" असंच म्हणत राहिले. तिसऱ्या शनिवारी मी पोचले तेव्हा ते पहिली, सगळ्यात बारीक तार पिळत होते. आवाजाला चकाकी येईना म्हणून आणखी पिळत होते. सूर केव्हाच वर निघून गेला होता आणि त्यांना तो कळत नव्हता. मी "मामा, थांबा" म्हणेपर्यंत तार तुटली आणि तिचं टोक त्यांच्या डोळ्याखाली लागलं. दोन बोटं वर लागलं असतं तर डोळाच गेला असता. मामी हळद घेऊन धावल्या. 

रक्त थांबल्यावर मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. हात धरला आणि मोठ्यानं, सावकाश सांगितलं, "मामा, तारा मुक्या नाहीत. तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत."

मामी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.  बाहेरून एक मालगाडी गेली, तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत मामा तिकडं बघत राहिले.

"मला वाटलं," ते म्हणाले, "म्हातारा झालो म्हणून लोक आदरानं हळू बोलत्यात."

मग मामींकडं वळून विचारलं, "तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"मग मी चुलीपाशी येऊन काय बोलती काय बोलती म्हणून खेकसायचो, तवा सांगायचं न्हाई व्हय?"

"खेकसायचा तर खेकसायचा. पर वाजवत व्हता ना."

त्यावर ते रडले. मी त्यांना तेव्हा एकदाच रडताना बघितलं.

पुढच्या शनिवारी जाताना मला धाकधूक होती. वाटत होतं, गिटारी खोक्यात गेल्या असतील. पण मामा पट्टी लावलेला चेहरा घेऊन तयार बसले होते. समोर तीन प्रकारच्या तारांची पाकिटं मांडलेली. साधी, जाड लेपाची, पातळ लेपाची.

"बस न्हावरेकर. आता कान तुझे. कोणती चांगली, सांग."

मी एकेक तार वाजवून ऐकली आणि म्हटलं, "ही छान आहे."

मामा भडकले. "छान म्हंजी काय? सिग्नलला कुणी छान हाय म्हणतं का? लाल का हिरवा, त्ये सांग! मला ऐकू येत न्हाई, मला दिसंल असं सांग."

मी गोंधळले.  मग मला माहीत असलेलंच मी बोलायला लागले. साधी नवी तार म्हणजे दुधाच्या धुतलेल्या रिकाम्या कॅनवर चमचा मारल्यासारखी. जाड लेपाची म्हणजे त्याच कॅनला ओलं गोणपाट गुंडाळल्यासारखी. आणि पातळ लेपाची? मी ती तार तीनदा, चारदा ऐकली. डोळे मिटून ऐकली. "गोणपाट नाहीये मामा. पण कॅनमध्ये निम्म्यापर्यंत दूध आहे."

मामा हसले. महिन्यानंतर हसले. "निम्मं दूध चालंल मला. घरातलं वाटतं. आन् किती टिकंल?"

"तुमच्या हाताखाली चार-पाच महिने. पुसत राहिलात तर जास्त."

त्यांनी आपली बोटं माझ्यापुढं धरली. पेरांवर गाठी आल्या होत्या. "ही बघ. साध्या तारा म्हंजी दर म्हयन्याला सहा खुंट्या पिळायच्या. आता तेवढं व्हत न्हाई. जी कमी वेळा बदलावी लागंल तीच घ्यायची. पातळ रेनकोटवाली लाव. न्हाई, थांब. मीच लावतो."

त्या सहा तारा लावायला त्यांना अख्खी दुपार लागली. मी मदतीला हात पुढं केला की ते बाजूला सारत. मामींनी दोनदा चहा आणला, दोनदा तो गार झाला. सूर मिळवायला मात्र त्यांनी मला बोलावलं. मी "वर... अजून वर... बास" म्हणायची आणि ते खुंटी फिरवायचे. शेवटची तार लागल्यावर त्यांनी हनुवटी गिटारच्या कडेला टेकवली आणि सगळ्या तारा एकदम छेडल्या. लाकडातून हाडात जेवढं उतरलं तेवढं त्यांनी ऐकलं. "आली," म्हणाले. "घरी आली."

त्यानंतर कानाचं यंत्रही आलं. बोलण्यासाठी ते लावत, वाजवताना काढून ठेवत. त्यात गिटार पत्र्याच्या शेडवर पडणाऱ्या खड्यांसारखी वाजते, अशी त्यांची तक्रार. शनिवारी ते वाजवत आणि मी ऐकलेलं त्यांना सांगत बसे. शिकायला मी गेले होते बोटांनी वाजवायला, पण नीट ऐकायला शिकले ते त्या दिवसांत. केंद्रावर आता कॅनवर टिचकी मारली तरी तो किती भरला आहे हे मला कळतं, आणि घरी लेक 'काही नाही' म्हणते तेव्हा त्या 'काही नाही'चा सूर कुठं उतरलाय तेही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मामा गेले. रविवारी केडगावला वाजवून आले, जेवले, आडवे झाले आणि उठलेच नाहीत. घरच्या प्रार्थनेला मामींनी मला वाजवायला सांगितलं. रेल्वेतली जुनी माणसं अंगणात उभी होती. तारा पाच महिन्यांच्या होत्या आणि सुरातून जराही उतरल्या नव्हत्या. मी पुसून गिटार ठेवायला लागले तेव्हा मामी म्हणाल्या, "ह्या काढू नको. त्यांच्या हातच्या हायेत. जातील तवा जाऊ देत."

मी हो म्हटलं. महिन्यातून एकदा जात राहिले. वर्ष उलटलं. लेप जागोजाग उसवला, विशेषतः गिटारच्या मानेवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीजवळ, जिथं त्यांची बोटं जास्त बसायची. जाड तारांवर गुंडाळलेलं ब्राँझ खालून काळं पडलेलं दिसायला लागलं. आवाज बसला होता. मला तो कधीचा कळत होता, पण मामींना सांगवत नव्हतं. मामींनी जन्मात कधी गिटारला हात लावला नव्हता, त्यांना काय कळणार, असंही वाटायचं.

परवा गुरुवारी सकाळी दुधाची रांग लागलेली असताना त्यांचा फोन आला.

"कामात हाईस का गं?"

"बोला ना मामी."

"मी रोज फडकं मारताना एकदा तार वाजवती. त्यांची खोली गप बसू नये म्हणून." मग त्या म्हणाल्या, "चार दिस झालं, आवाज शिळा येतोय. वरची वाजती, पर तिच्यात कुणी न्हाई. असं ठिवलेलं त्यांना आवडलं नसतं. शनिवारी येशील तवा नव्या घिऊन ये."

मी म्हटलं, आणते. कोणत्या आणू, ते मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं.

"पातळवाल्या."