फॉरेनसाहेबांचा अडॅप्टर

रस्त्यांचे आणि गटारांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात तीस वर्षं पेन्सिली झिजवलेल्या या गृहस्थांना सगळे 'फॉरेनसाहेब' म्हणत. नऊ वर्षांपूर्वी ते अकरा दिवस परदेशी जाऊन आले होते, एवढीच काय ती पुण्याई. कोणाचा भाचा शिकायला निघाला, कोणाची मेहुणी फिरायला निघाली, की साहेब पाय पसरून बसत आणि म्हणत, "बाकी सगळं सोडा, आधी अडॅप्टर. तिथल्या भिंतीत आपली पिन जात नाही. माणूस तिथेच फसतो."

हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, कारण ते स्वतः तिथेच फसले होते.

विमानतळावर घाईघाईत घेतलेल्या त्या पांढऱ्या अडॅप्टरच्या पिना चपट्या निघाल्या आणि हॉटेलच्या भिंतीतली भोकं गोल. साहेबांनी दाबून पाहिलं, तिरका करून पाहिलं, शेवटी चपलेने ठोकूनही पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलने मान टाकली. घरचा नंबर मोबाइलला पाठ होता, साहेबांना नव्हता. खाली काउंटरवर जाऊन विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण विचारायचं म्हणजे आपल्याला एखादी गोष्ट कळत नाही हे कबूल करायचं, आणि ते साहेबांच्या रक्तातच नव्हतं. रोज काम संपलं की पलंगावर बसून ते त्या भोकांकडे बघत राहायचे.

नेमकी त्याच दिवसांत इकडे त्यांची आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या कागदावर सही बायकोने केली, औषधांसाठी धावाधाव तिनेच केली, आणि अधूनमधून नवऱ्याचा बंद फोनही तीच लावत राहिली. साहेब परतले तेव्हा आई वॉर्डात होती. "कामातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती," ते म्हणाले. बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि डबा घेऊन दवाखान्यात निघून गेली.

तो निर्लज्ज अडॅप्टर मग दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये जाऊन बसला, पिना मागच्या बाजूला करून. त्याला हात लावायची घरात कोणाला परवानगी नव्हती. पुसायचा तर साहेबच पुसत.

आणि यंदा बायकोच निघाली. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती काम करायची. हात इतका साफ की डॉक्टर तिचंच काम मागून घेत. लॅबने नवं यंत्र शिकायला तिला तीन आठवडे पाठवायचं ठरवलं, आणि देशही नेमका तोच.

"अडॅप्टर नवा कशाला?" कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली. "तुमचा आहे ना शोकेसमध्ये. तोच नेते."

"अगं, तो जुना झाला. नऊ वर्षांत तिकडे सगळं बदललं असेल."

"भिंतीतली भोकं बदलतात?"

"दाब बदलतो. विजेचा."

"पण तुमच्या वेळी चालला ना?"

"चालला म्हणजे काय, धावला!" साहेब म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"मग झालं तर," असं म्हणून तिने यादीत खूण केली. खुर्चीत काठी घेऊन बसलेल्या आईनेही मान डोलावली.

आता खरं सांगायचं, तर मिरवणं संपलं. मिरवण्याचं एक वेळ जाऊ दे. पण आई ऑपरेशनच्या टेबलावर होती तेव्हा आपण एका पिनेसाठी तोंड उघडायला लाजत होतो, हे या बाईला सांगायचं कोणत्या तोंडाने? गप्प बसायचं, तर तिचाही फोन तिकडे मान टाकणार आणि सगळं उघडं पडणार. शहाण्या माणसाने अशा वेळी बायकोसमोर बसून खरं सांगितलं असतं. साहेबांनी डोकं चालवलं. दिसायला तसाच, पण भिंतीत बसणारा अडॅप्टर आणून गुपचूप बदलायचा!

विजेच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, "कसला प्लग असतो तिथे?" साहेबांनी खिशातली पेन्सिल काढली आणि पावतीच्या पाठीमागे भिंतीतली ती खोबण काढून दाखवली. भोकांची जाडी, त्यांच्यामधलं अंतर, कडेची खाच, वरच्या स्क्रूला गेलेला तडासुद्धा.

बाई बघतच राहिल्या. "तिकडून येणारे लोक समुद्राबद्दल सांगतात, डोंगराबद्दल सांगतात. तुम्ही बरं हे बघून आलात!"

त्यांनी पाच-सहा अडॅप्टर मांडले, गोल पिनांचा एक पांढरा पुढे सरकवला आणि बजावलं, "यानं फक्त पिन बदलते, दाब नाही. चार्जरवर काय लिहिलंय ते आधी वाचा." साहेबांनी जन्मात पहिल्यांदा कोणाचं तरी मुकाट ऐकून घेतलं. घरी येऊन, जुना दिसावा म्हणून नव्याचे कोपरे पॉलिश पेपरने घासले, तो शोकेसमध्ये ठेवला आणि जुना सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकला. हे एवढं काम मात्र त्यांनी नकाशासारखं चोख केलं.

बायको पोचली त्या संध्याकाळी फोन आला. आईलाही ऐकू यावं म्हणून साहेबांनी आवाज मोठा केला.

"अहो, बसला तुमचा अडॅप्टर! पहिल्या झटक्यात."

"मी सांगत नव्हतो?" साहेब खुर्चीत रेलून बसले.

"खरं सांगू?" ती म्हणाली. " मला वाटलं होतं, बसणार नाही. दुसरा पर्समध्ये घेऊनच आले होते. दुकानात विचारून."

"मग माझा नेलास कशाला?"

"खात्री करायला. नऊ वर्षं मी धरून चालले होते, की तुम्ही चुकीचा घेतला असणार, कोणाला विचारायची लाज वाटली असणार, आणि फोन बंद पडला असणार. तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? आईंनाही मी तेच सांगत आले. म्हणून तुम्हाला कधी छेडलं नाही. पण हा तर बसतो. म्हणजे फोन चार्ज होत होता, आणि तुम्हीच तो बंद ठेवला होता."

साहेब ताडकन उठले. "नाही गं! तो बसत नव्हताच! तू म्हणतेस तसंच झालं होतं, अगदी तसंच! हा तो नाही. हा मी परवा आणला, नवा!"

"मग जुना दाखवा आईंना."

साहेबांची नजर रिकाम्या शोकेसकडे गेली. जुना आता कुठल्या ढिगाऱ्याखाली होता कोण जाणे.

"राहू द्या," ती म्हणाली. "निदान आता तरी नवी थाप नको."

फोन बंद झाला. आईने काठी टेकली आणि ती उठायला लागली. साहेबांनी आधाराला हात पुढे केला. "आई, खरंच सांगतो, तिचंच बरोबर होतं..."

"ती चांगली आहे, म्हणून तसं म्हणायची," आई म्हणाली, आणि त्यांचा हात न धरता, एक एक पाऊल टाकत, खोलीत निघून गेली.