तराफ्यामागे उभा केलेला माणूस

चालकाने झटका दिला म्हणून तो अपघात झाला, असे सांगणारे लोक सिल्वासात आजही आहेत. त्यांतला एकही जण त्या सकाळी जलाशयाच्या उतारावर नव्हता. मी होतो.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. पर्यटकांना फिरवणारी सरकारी बोट माझ्या ताब्यात होती. दोन लांब, पोकळ लोखंडी पिंपे आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या; नाव बोटीचे, खरे तर तराफाच. पावसाळ्यापूर्वी तो ट्रेलरवर चढवून रंगकामाला न्यायचा होता. ट्रॅक्टरचालक खानदेशचा. त्याच्या बहिणीचा नवरा नरोलीच्या कारखान्यात कामाला होता. सुट्टी म्हणून मदतीला आला होता.

धरणातून पाणी सोडणे चालू होते. एरवी बुडालेला उताराचा भाग उघडा पडून शेवाळाने हिरवा चमकत होता. तराफ्याचे एक पिंप दुसऱ्यापेक्षा चार बोटे खोल बसले होते. आत पाणी शिरले आहे हे मला दिसले. दिसले नाही, असे मी कधीही म्हटलेले नाही.

ट्रेलर पाण्यात उतरवला, तराफा त्यावर घेतला, त्याच्या पुढच्या कडीतून दोर ट्रेलरला बांधला. मग मी त्या दाजीला मागून खांदा लावायला सांगितले. आमच्या रत्नागिरीकडे होडी वर काढताना मागे माणसे असतातच. माणसावाचून वर आलेली होडी मी जन्मात पाहिली नव्हती.

“साहेब, मांगे मानूस नको,” चालक म्हणाला. “चढाव हाये.”

“कापसाच्या गाड्या हाकल्यास तू. होडीचे मला शिकवू नकोस.”

कमरेभर पाण्यातून दाजी हसला. “चालव रे साल्या! बहिनीचं कुंकू ध्यानात ठेव, म्हंजे झालं.”

ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीने निघाला. झटका नव्हता, हे मी कोणाहीपुढे सांगेन. पिंपे पाण्याबाहेर येताच आतले पाणी मागच्या टोकाकडे धावले. तो आवाज मला ऐकू आला. ‘बाजूला हो’ म्हणण्याइतका वेळही होता. मी काही बोललो नाही, कारण बोलणे म्हणजे चालकाचे खरे ठरवणे होते. पुढची कडी फळीसकट उखडली आणि अख्खा तराफा मागे घसरला. दाजीचा उजवा पाय मांडीपासून कापावा लागला.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी चालक माझ्या क्वार्टरवर आला. खुर्ची दिली, तरी उभाच राहिला.

“साहेब, तुमी पाह्यलं ना? झटका नव्हता दिला मी.”

“नव्हता दिलास.”

“मंग तेवढंच सांगा. नोकरी गेली तं दोन घरं उपाशी मरतील.”

मी होकारार्थी मान डोलावली.

दाजीला मागे कोणी उभे केले, हे चौकशीत कोणी विचारले नाही. जबाब आधीच टंकलेला होता: चालकाने झटका दिला. मी तो दोनदा वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि खाली सही केली.