गोठ्यामागच्या निंबावरची गुळवेल

माझे बाबा शिकले सातवीपर्यंत, पण माझ्या संशोधनाबद्दल गावात त्यांच्याइतकं कोणी बोलत नसे. वरवट बकालच्या स्टँडवर चहा पिता पिता ते ज्याला त्याला सांगत, "माही पोरगी गुळवेलीवर डॉक्टर होऊन राह्यली." लोक त्यातलं "गुळवेलीवर" विसरत आणि मी सुट्टीत घरी गेले की मला आपले गुडघे दाखवत. मी चिडायचे. बाबांना मात्र त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

मी काय करते हे मी त्यांना एकदा नीट समजावलं होतं. गुळवेल आणि तिच्या जातभाई वेली घ्यायच्या, त्यांच्या खोडातले कडू अंश वेगळे काढायचे, काचेच्या ताटलीत वाढवलेल्या यकृताच्या पेशींवर ते घालायचे आणि पेशी तगतात का ते पाहायचं. ताटलीत घडलं म्हणजे माणसाच्या पोटात तसंच घडेल असं नाही, हेही सांगितलं होतं. बाबांनी त्यातलं यकृत तेवढं उचललं. त्याच पावसाळ्यात त्यांनी गोठ्यामागच्या निंबाखाली गुळवेलीचं कांडं लावलं. निंबावर चढलेली गुळवेल जास्त गुणाची, असं आमच्याकडे मानतात.

कोरोना आला आणि आमच्या गोठ्यामागे रांग लागली. बाबा विळा घेऊन कांडी कापून द्यायचे. झाडपाल्याचे पैसे घेतले तर त्याचा गुण जातो, म्हणून कोणाकडून काही घ्यायचं नाही आणि कोणाला नाही म्हणायचं नाही, असा त्यांचा नेम. साथ गेली, गावानं काढा सोडला. बाबांनी सोडला नाही. रोज सकाळी चहाच्या आधी पेलाभर कडूजहर काढा घशाखाली उतरायचा आणि आई म्हणायची, "पोरीच्या नावानं पेतेत थे."

गेल्या दिवाळीत ओट्यावर उन्हात बसलेल्या बाबांकडे पाहिलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता.

"बाबा, डोळे कवापासून असे झाले?"

"चष्म्यानं दिसते तुले तसं."

चष्मा माझ्या डोळ्यांवर होता, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना खामगावला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दारू? नाही. कुठल्या गोळ्या? नाही. काही काढा, चूर्ण, जडीबुटी? बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाई जी. काईच नाई."

आयुष्यात मी त्यांना असं धडधडीत खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. मीच म्हणाले, "गुळवेल. रोज. बऱ्याच वर्षांपासून." बाबा खाली पाहू लागले, जणू मी चारचौघांत त्यांची चोरी पकडली होती. डॉक्टरांनी काढा त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. बाकीच्या तपासण्यांत कावीळ होण्याचं दुसरं कारण सापडलं नाही. काही लोकांच्या यकृताला हा काढा सोसत नाही, ते म्हणाले. ते काही लोक कोण, हे आधी ओळखता येत नाही, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती.

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "तुले काऊन बोलाव लागलं तेथी? तुह्या शिकण्याले बट्टा लागन ना." मला रडू आलं आणि रागही आला. यकृत त्यांचं, आणि काळजी माझ्या पदवीची!

प्रयोगशाळेत मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी एकच धीर दिला, वेल दुसरी असेल. अशी गफलत होतेही. गाठीगाठींच्या खोडाची एक जातबहीण आहे, पानांवर लव असलेली दुसरी आहे, आणि लोक फसतात. मी त्या आशेला घट्ट धरलं. आमच्या निंबावरचं कांडं आणि पानं घरून मागवून मी सूक्ष्मदर्शकापुढे बसले ती देव्हाऱ्यापुढे बसल्यासारखी. बाबांनी चुकीची वेल प्यायली असू दे, एवढंच मागणं होतं. म्हणजे माझी वेल निर्दोष राहिली असती, आणि बाबांचं नुसतं ओळखण्यात चुकलं असतं.

पान दोन्हीकडून गुळगुळीत होतं. खोडावर तशा गाठी नव्हत्या. आडव्या कापात गाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसत होत्या. ती अस्सल गुळवेल होती. मी पुन्हा नवा काप घेतला, तरी तीच.

महिनाभरानं घरी गेले तेव्हा कावीळ उतरत होती, पण पुरती गेली नव्हती. गोठ्यामागे कडबा रचत असलेल्या बाबांना मी निकाल सांगितला.

"म्हंजे वेल खरीच होती?" त्यांनी विचारलं.

"हाव बाबा. खरीच."

क्षणभर त्यांच्या तोंडावर समाधान आलं. आपण वेल ओळखण्यात चुकलो नाही याचं. मग ते ओसरलं आणि ते कडब्याची पेंढी हातात धरून तसेच उभे राहिले.

तेवढ्यात शेजारची सून आली. तिच्या सासऱ्याला ताप उतरल्यापासून अन्न जात नव्हतं. "काकाजी, दोन कांड्या द्या जी गुळवेलीच्या." मग मी दिसल्यावर तिनं मलाच विचारलं, "ताई, चालन ना? तुमी तर याच्यातच शिकल्या."

मी तोंड उघडलं. काही जणांमध्ये, काही प्रमाणात, अजून निश्चित सांगता येत नाही, अशी आमची सगळी वाक्यं जिभेवर तयार होती. खरीही होती. माझं पहिलंच वाक्य अर्ध्यात असताना बाबांनी पेंढी खाली ठेवली.

"तिले नको विचारू," ते म्हणाले. "इकडे पाह्य."

ते तिच्यासमोर उन्हात जाऊन उभे राहिले आणि एका बोटानं डोळ्याची खालची पापणी ओढून धरली. आत अजून पिवळं होतं. जो माणूस माझ्यासाठी डॉक्टरसमोर खोटं बोलला, तो गावच्या सुनेला आपला डोळा उघडून दाखवत होता, आणि तिची नजर हलेपर्यंत त्यानं बोट काढलं नाही.

"हे आमच्याच वेलीनं झालं," ते म्हणाले. "सासऱ्याले दवाखान्यात ने."

ती रिकाम्या हातानं गेली. निंबाखालून कोणी तसं जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बाबांनी माझ्याकडे न बघता पेंढी उचलली आणि म्हणाले, "तूही असंच सांगत जाय लोकाइले. माहं नाव घेऊन."