इंदूताईंचे झाकलेले साकव

कुवेतच्या जुन्या गावात शहाणी माणसं खाली बघून चालायची. बोळ अरुंद, मध्येच सांडपाणी, मध्येच आडवं उभं राहिलेलं गाढव. इंदूताई तेवढ्या वर बघून चालायच्या. ठेचा खायच्या, धुळीत फतकल मारायच्या, एकदा तर खजूरवाल्याच्या टोपलीत पाय घालून उभ्या राहिल्या. त्याने आरडाओरडा केला तरी यांची मान खाली येईल तर शपथ! "कमल, वर बघ गं! साकव आला!"

ओढ्यावरच्या छोट्या पुलाला कोकणात साकव म्हणतात. इंदूताई दापोलीकडच्या, म्हणून कुवेतचे हे पूलही त्यांच्या तोंडी साकवच. ओढ्यावरचे नव्हेत, बोळावरचे. समोरासमोरची दोन घरं एकाच कुटुंबाची असली की वरच्या मजल्यावरून एक पूल टाकायचे. लाकडी वासे, त्यावर चटया, वर माती, दोन्ही बाजूंना भिंती आणि त्यांत बारीक जाळ्या. बायकांनी रस्त्यावर न उतरता या घरातून त्या घरात जावं, कुणाच्या नजरेला पडू नये, एवढ्यासाठी.

"आमच्याकडे एवढा पाऊस, तर साकवाला छप्पर नाही. आणि इथे वर्षाला चार थेंब पडतात, तर छप्पर!" असं त्या दर खेपेला म्हणायच्या आणि दर खेपेला स्वतःच हसायच्या.

मी लग्न होऊन कुवेतला गेले ती साठ सालाच्या थोडी आधी. आमचे हे एका बँकेत कारकून. इंदूताई आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करायच्या. चाळिशीच्या, एकट्या, आवाज असा की बाळ घाबरून बाहेर यावं. मायदेशी परतणाऱ्या एका नर्सकडून त्यांनी घडीचा जुना कॅमेरा घेतला होता. शुक्रवारी सुट्टी, म्हणजे हे पत्ते कुटायला मोकळे आणि मी कॅमेऱ्याच्या तिवईची ओझेकरी. "घरात बसून काय लोणच्यासारखी मुरणारेस? चल!" म्हणायच्या. मी कुरकुर करत जायची. पण खरं सांगते, त्या परक्या गावात मी टिकले ती त्या शुक्रवारांमुळे.

तेव्हा सरकारने जुनी घरं विकत घेऊन पाडायचा सपाटा लावला होता. रुंद रस्ते हवे होते, लोकांनाही बाहेर नव्या वस्त्यांत पंखे, नळ असलेली घरं मिळत होती. कुणाची तक्रार नव्हती. एकट्या इंदूताईंचा जीव खालीवर. गेल्या आठवड्यात पाहिलेला साकव या आठवड्यात नसायचा. "माणसं काय गं, रोज नवी जन्मतात. मीच काढत्ये ना बाहेर! हे पुन्हा कोण जन्माला घालणार?"

अशात उम्म यूसुफचा निरोप आला. यूसुफची आई म्हणून उम्म यूसुफ. तिच्या सुनेची तिन्ही बाळंतपणं इंदूताईंनी केलेली, त्यामुळे त्या घरात त्यांना मान होता. म्हातारीचा नवरा मोत्यांचा व्यापारी. त्याच्याबरोबर ती ऐन तरुणपणी मुंबईत राहिलेली, म्हणून हिंदी फाडफाड बोलायची. तिची सख्खी बहीण शरीफा समोरच्याच घरात दिलेली. दोघी बहिणी दोघा भावांना. मधे साकव. सकाळची गरम रोटी इकडून तिकडे, दुपारची कॉफी तिकडून इकडे, भांडणं मधोमध. दोन्ही घरं विकली गेली होती. एकीला गावाच्या या टोकाला नवं घर, दुसरीला पार त्या टोकाला. उद्या मजूर येणार होते.

"फोटो में हम दोनों होना मंगता," उम्म यूसुफ म्हणाली, "लेकिन कोई मरद को दिखना नहीं."

मी मनात म्हटलं, घ्या आता! फिल्म धुणारा पुरुष, घरातले नातेवाईक पुरुष. आयुष्यभर परक्या नजरेला न पडलेली बाई, तिने असं मागावं आणि ते द्यायचं कसं? पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इंदूताईंनी साकवात डोकावून पाहिलं. आत अंधुक, जाळ्यांतून येईल तेवढाच उजेड. त्या एकदम खूश झाल्या.

"झालं काम! इथे कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागणार. तेवढ्या वेळात जे हलतं ते उमटत नाही. तुम्ही दोघी येत-जात राहा. फोटोत असाल, पण दिसणार नाही. फक्त थांबायचं नाही हं, काय वाट्टेल ते झालं तरी!"

म्हाताऱ्यांना पटलं. तिवई लावली. घरात त्या काळा बुरखा घालत नसत. फिक्या रंगाचे झगे, डोक्यावर पातळ ओढण्या. इंदूताईंनी खटका दाबून धरला आणि दोघी दोन टोकांनी निघाल्या. एक इकडून, एक तिकडून. एकमेकींना ओलांडून गेल्या, वळल्या, परत आल्या. आणि मधोमध येताच शरीफाने बहिणीचा हात धरला. उम्म यूसुफ थांबली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि हुंदके देऊ लागल्या.

"अहो ताई, थांबल्या त्या!" मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. "बंद करा, उमटतील!"

"गप बस," इंदूताई म्हणाल्या. त्यांचाही आवाज फाटला होता. "थांबू देत त्यांना." आणि खटका त्यांनी सोडला नाही.

दुसरा फोटो घ्यायला वेळच नव्हता. सामान उतरवायला हमाल जिन्यात येऊन उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशी साकव गेला.

फिल्म धुवायला रत्नागिरीकडच्या इब्राहीमभाईंकडे दिली. त्यांनी फोटो हातात ठेवला तो तोंड वाकडं करूनच. "ताई, हा बिघडला. नुसता रिकामा बोळ, आणि मधेच धुकं बसलंय. फेकून देऊ?"

मी पाहिलं. साकवाचा आतला भाग बोळासारखाच दिसत होता, आणि खरंच धुकं. मधोमध फिकट, उभं, वरच्या बाजूला एकत्र मिसळलेलं, हुंदक्यांनी हलून चेहरे पुसले गेलेलं. ज्याला ठाऊक नाही त्याला डाग, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला दोघी बहिणी.

नव्या घरी फोटो द्यायला गेलो तेव्हा मी इंदूताईंच्या आडच उभी राहिले. ओळखू आलं म्हणजे? घरात रणकंदन! उम्म यूसुफने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग हसू लपवायला तोंडावर ओढणी धरली आणि चक्क मुलाला हाक मारली. यूसुफने पाहिलं. म्हणाला, छान आहे, पण हे पांढरं काय?

"धूल," म्हातारी शांतपणे म्हणाली.

तो गेल्यावर तिने निगेटिव्हही मागून घेतली. इंदूताईंनी ती लगेच देऊन टाकली. रस्त्यात मात्र म्हणाल्या, "माझा सगळ्यांत चांगला फोटो, कमल, आणि माझ्याजवळ नाही. असू दे. ज्यांचं होतं त्यांच्याकडे गेलं."

पुढे त्यांची छाती दुखू लागली. दापोलीला परत गेल्या आणि वर्षभरात वारल्या. पत्र आलं त्या दिवशी मी चूल पेटवली नाही.

त्यानंतरच्या ईदला आमचे हे बँकेच्या साहेबांबरोबर यूसुफकडे जाऊन आले. पुरुषांची बैठक कशी प्रशस्त, गालिचे कसे, कॉफी कशी, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "पण एक अजब! एवढी श्रीमंत माणसं, आणि बैठकीच्या मुख्य भिंतीवर सोनेरी चौकटीत एका रिकाम्या बोळाचा फोटो. त्यातही मधे डाग पडलेला! म्हणे, आईची सक्त ताकीद आहे, काढायचा नाही. आम्ही वीसएक पुरुष त्याच्याखाली बसलो होतो, कुणाला काही कळेना."

मला हसू फुटलं. एवढे बाप्ये, आणि दोघी म्हाताऱ्या त्यांच्या डोक्यावर गळ्यात गळे घालून उभ्या! हसता हसता मी उठले, ही गंमत इंदूताईंना सांगायला दारापर्यंत गेले, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडले.