एक-दोन मांडवाला, तीन-चार कानाला

बेकुमुझीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. चारला उम्लाझी वस्तीतून टॅक्सी, पाचला बेकरीत, दुपारी एकपर्यंत पावाचे ट्रे उचलायचे. चौदा वर्षांत एकही ट्रे पडला नाही. शनिवारी तो लोकांच्या कार्यात गाणी वाजवायचा. जुना लॅपटॉप आणि एकाच भोकातून निघणारी दुतोंडी वायर: एक तोंड मांडवाला, दुसरं स्वतःच्या कानाला. म्हणून मांडवात आवाज अर्धाच जायचा.

मग शेजारच्या लुंगेलोला बापाने साउंडची पेटी घेऊन दिली. तिला बाहेर जायला चार वाटा, दोन मांडवाला, दोन हेडफोनला. भरून आवाज. शनिवारची बोलावणी लुंगेलोच्या दारात जाऊ लागली. पोराने आयुष्यात पावाची लादीही उचलली नव्हती.

गोगो माखोझाच्या, म्हणजे माखोझा आजीच्या, नातीचा उमेंबेसो होता, वराकडच्यांनी वधूच्या माणसांना पांघरुणं घालायचा सोहळा. डिसेंबरातल्या लग्नाला कोण वाजवणार, हे त्या दिवशी ऐकूनच गोगो ठरवणार होती. वाजवायला लुंगेलो. बेकु पाहुणा म्हणून गेला, जेमरचा, आल्याच्या घरगुती पेयाचा, मग घेऊन मागच्या बाकावर बसला.

गोगोचं नाव पुकारलं. पाहुण्या बायकांनी ब्लँकेट पसरून वर धरलं. कुळाचं गाणं लागल्याशिवाय ते खांद्यावर टेकवायचं नाही, ही रीत.

लागलं मात्र धडाधड ढोल. थांबलं, मागे गेलं, पुन्हा धडाधड.

"अरे, म्हातारीला नाचवतोस की पाडतोस?" कोणीतरी ओरडलं.

"मला बरोबर ऐकू येतंय!" लुंगेलो हेडफोन दाबत म्हणाला आणि आवाज आणखी वाढवला.

बेकुला एका क्षणात कळलं. वाटांची अदलाबदल झाली होती. मांडवाचं गाणं पोराच्या कानात, आणि तो पुढचं गाणं जे चाचपून बघत होता ते मांडवात. स्वतःची वायर एकदा उलटी लावून त्याने हीच फजिती भोगली होती.

तो बसून राहिला. जेमर फार गोड लागली.

पण ब्लँकेट धरणाऱ्या बायकांचे हात थरथरू लागले. वजन धरून उभं राहणं काय असतं, हे बेकुला माहीत होतं. तो उठला.

"सरक. सेटिंग उघड. मास्टर, मांडवाचा आवाज, एक-दोनवर. हेडफोन तीन-चारवर."

"मामा, काल नवीन प्रोग्रॅम टाकला, त्यानेच—"

"प्रोग्रॅम टाकल्यावर आधी बघायचं असतं."

कुळाचं गाणं दोन्ही बाजूंनी उसळलं. गोगो नाचली. लोक ओरडले, "लुंगेलो! लुंगेलो!"

जेवताना गोगोने बेकुला बोलावलं. "लग्नाला तोच वाजवेल. तुझा आवाज अर्धा येतो. पण तू शेजारी बस, त्याच्या वायरींवर लक्ष ठेवायला."

"वाजवायला बोलवा, गोगो. राखणीला नको."

"तोरा बघा याचा!" गोगो हसली. तिने बेत बदलला नाही.

त्यानंतर पाच महिने बेकुने रविवारीही ट्रे उचलले. त्या पगारातून त्याने तशीच चार वाटांची पेटी घेतली. ती आली नेमकी लग्नाच्या सकाळी. त्याने मास्टर एक-दोनवर ठेवला, हेडफोन तीन-चारवर, आणि अंगणात दोन स्पीकर लावले. पहिल्यांदाच त्याचं गाणं पुरं वाजलं. अर्ध्यावरच त्याने ते बंद केलं आणि कुंपणापाशी जाऊन माखोझांच्या मांडवाकडे कान दिला, लुंगेलोचं काही चुकतंय का ते ऐकायला.

काही चुकत नव्हतं.