वय हा पार्ट कुठे बसवतात?

आमच्या मावशीला अख्खी कॉलनी क्लचमावशी म्हणते आणि तिला त्याचा भारी अभिमान आहे. ती बायकांना गाडी शिकवते. फक्त बायकांना. नवऱ्याने एकदा हौसेने शिकवायला घेतलं आणि दुसऱ्याच वळणावर "तुला नाही जमायचं" म्हणून खाली उतरवलं, अशा सगळ्या जणी शेवटी हिच्या दारात येतात. गाडी जुनी, पांढरी. मागचं दार आधी वर उचलून मग ओढायचं, नाहीतर उघडत नाही. मावशी चप्पल काढून अनवाणी चालवते. "पायाला कळलं पाहिजे, डोक्याला नंतर कळलं तरी चालतं," म्हणते.

ही गाडी कागदावर मात्र मामाची, म्हणजे मावशीच्या मोठ्या भावाची. काका गेल्यावर त्यानेच ती तिला घेऊन दिली होती, म्हणून नाव त्याचं. मामाचा जन्म इमारतींचं वायरिंग करण्यात गेला. आता तो मावशीकडेच राहतो. माणूस सोन्यासारखा, पण वायर लोंबकळताना दिसली की त्याच्या जिवाला चैन नाही. टीव्हीमागची, इस्त्रीची, अगदी माझ्या चार्जरची वायरसुद्धा तो गुंडाळून बांधून ठेवतो. फोन चार्ज करायचा तर आधी गाठ सोडवत बसा!

तर झालं असं. एक नर्सबाई शिकत होत्या. पुलाच्या चढावर त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी धडाधड गचके खायला लागली. मागून ट्रकवाला हॉर्नवर बसलेला. बाईंना रडू फुटलं. "माझा पायच वाईट आहे हो मावशी, आमचे हे म्हणतात ते खरंच आहे." मावशीने त्यांना बाजूला बसवलं, स्वतः चालवली. तेच गचके. "बघितलंत? पाय तुमचा चांगला आहे. आणि तुमच्या ह्यांना माझ्याकडे पाठवा एकदा," ती म्हणाली.

गॅरेजवाल्याने स्पार्क प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. गचके जागच्या जागी. मग त्याने हात पुसत निकाल दिला, "मावशी, वय झालंय गाडीचं."

"वय हा पार्ट कुठे बसवतात रे? दाखव मला, बदलून टाकू."

तो हसला. मी नाही हसले. कारण तो बोलत होता गाडीबद्दल आणि बघत होता मावशीच्या पांढऱ्या केसांकडे. असा राग आला मला!

घरी मामाने हेच उचलून धरलं. "पुलावर काही झालं असतं तर? बास झालं आता. माझ्या ओळखीचा भंगारवाला आहे, शुक्रवारी येऊन घेऊन जाईल."

"आणि मी काय करू? खिडकीत बसून रहदारी मोजू?"

"आराम कर. कुणी नको म्हटलंय?"

मावशीने किल्ली उचलली आणि मला म्हणाली, "चल गं, बाजूला बस. आणि तोंड बंद ठेव, मला ऐकू दे."

सपाट रस्त्यावर हळूहळू दाबलं तर गाडी एकदम गुणी. जागेवर उभी ठेवून दाबली तरी गुणी. पण चढावर, वरच्या गिअरमध्ये, जोर मागितला की सुरू! मावशीने मुद्दाम तोच चढ पुन्हा पुन्हा घेतला. माझी मान हिंदकळून दुखायला लागली.

"सांग, काय करतेय ही?"

"धापा टाकतेय," मी म्हटलं.

"अंहं. नीट बघ. पेट्रोल कमी पडलं असतं तर धापा टाकल्या असत्या, हळूहळू मलूल झाली असती. ही मलूल होत नाही. मध्येच तुटते आणि लगेच सावरते. ही उचकी आहे. ठिणगी चुकतेय हिची."

"पण प्लग तर नवे आहेत."

"प्लगपर्यंत ठिणगी जाते कशातून?"

घरी येऊन तिने बॉनेट उघडलं. आत सगळं कसं झकास! प्लगच्या चारही वायरी एकमेकींना चिकटवून, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून एका जुडीत बांधलेल्या. गॅरेजवाला ती जुडी बघून "काय सफाई आहे!" म्हणाला होता, हे मला तेव्हा आठवलं. मावशी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दादाला बोलव. आणि इस्त्रीची पाण्याची बाटली आण."

तिने घराखालच्या गॅरेजचं शटर पाऊणभर खाली ओढलं. आत चांगलाच अंधार झाला. गाडी सुरू केली, मामाला पुढे उभं केलं, "हात लांब ठेव, फक्त बघ," म्हणाली आणि त्या जुडीवर पाण्याचा बारीक फवारा मारला. इंजिन लगेच अडखळलं आणि वायरी-वायरींमधून निळ्या ठिणग्या तडतड उडायला लागल्या. मामाचा चेहरा पडला. त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"हे मी बांधलंय," तो म्हणाला.

"हो. आणि फार छान बांधलंयस," मावशी म्हणाली. तिने इंजिन बंद केलं. "भिंतीतल्या वायरी अशा बांध. या मोकळ्याच असाव्या लागतात. त्यात या जुन्या, वरचं रबर चिरलेलं. एकीची ठिणगी दुसरीत पळते."

"अगं, लोंबकळत होत्या म्हणून मी आपलं..."

"माहीत आहे मला दादा. चांगल्यासाठीच केलंस."

नव्या वायरी तिने स्वतः बसवल्या, एकमेकींपासून सुट्या. मग मामाला मागच्या सीटवर बसवून पुलावर नेलं. वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. गाडी एकदाही उचकली नाही. एका टेम्पोला मागे टाकत सरळ वर! मी ओरडलेच.

परत येताना तो हळूच म्हणाला, "चूक माझीच, कबूल. पण आज हे निघालं, उद्या दुसरं काही निघेल. शुक्रवारचं ठरलंय ते राहू दे. तूही थकलीस आता."

मावशीने गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, मागे वळली.

"गाडीतला दोष सापडला, आता माझ्यात शोधायला बसलास? थकले की मी सांगेन. माझ्या तोंडाने सांगेन. तोवर मला कुणी थकवायचं नाही, तूसुद्धा नाही. काय ते 'चांगल्यासाठी, चांगल्यासाठी'! तुझ्या चांगल्याने माझा श्वास कोंडतो दादा. जुडीत बांधून ठेवतोस माणसाला."

मामाचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी खिडकीबाहेर बघितलं.

शुक्रवारी भंगारवाल्याचा ट्रक फाटकाशी येऊन उभा राहिला. मावशी गाडीत, नर्सबाई स्टिअरिंगवर, मी मागे. ड्रायव्हरने आरोळी दिली, "गाडी न्यायला आलोय, मालक कोण?"

मामा माझ्याकडे बघायला लागला. मी कशाला तोंड घालू?

"दादा, तू बोलावलंस, तूच सांग," मावशी म्हणाली. "आणि गाडी दुरुस्त झाली म्हणून नाही द्यायची, असलं काही सांगू नकोस. खरं कारण सांग."

मामा फाटकाशी गेला. घसा खाकरला. "गाडी द्यायची नाही," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "बहीण चालवते."

मावशीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मोठ्याने!"